कृपेचा मुशाहिरा नसतो
काशीगावात, महामार्गावरच्या मालमोटारींची घरघर रात्री किंचित ओसरल्यावर, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा उघडतो, तेव्हा आगगाडीतल्या एका अनोळखी सहप्रवाशाने दिलेल्या नव्या कराराने ज्यांचे अंतःकरण हलले आणि ज्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते कवी नारायण वामन टिळक घरात किती तापट, किती लहरी आणि पैशाच्या व्यवहारात किती बेहिशेबी होते, हे त्यांच्याच पत्नीच्या निर्भीड लेखणीतून वाचून मी दर वेळी स्तब्ध होतो. बाप्तिस्म्याने स्वभाव पालटला नाही. आणि ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म मला नेमके इथेच गवसते, की परमेश्वराची कृपा हा सद्वर्तनाचा मुशाहिरा नव्हे, जो कसूर होताच कापून घ्यावा. ती बायबलच्या दृष्टांतातल्या उधळ्या पुत्राला दुरून पाहताच धावत सुटलेल्या पित्याची अधीरता आहे, जिला मुलाची कबुलीजबानी पुरी होईपर्यंतही दम निघत नाही. पतीच्या धर्मांतराने पोळलेल्या, कित्येक वर्षे विभक्त राहिलेल्या लक्ष्मीबाई १९०० साली स्वतः त्याच श्रद्धेच्या अंगणात आल्या. आणि १९१९ साली टिळक गेल्यावर, त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच अध्यायामागून अध्याय रचून पूर्णत्वास नेले.