पावती नको, हिशेब हवा

खाणीसाठी किंवा रस्त्यासाठी वनजमीन वळती करायची झाली, की प्रकल्पाकडून त्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये जंगलाचा प्रकार व घनता पाहून हे दर हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये ठरवून दिले. पुढे ते वाढलेही. जंगल म्हणजे नुसते लाकूड नव्हे, ते पाणी मुरवते, माती धरून ठेवते, हे यातून देशाने मान्य केले. पण अर्ज येतो तेव्हा प्रकल्पाची जागा बहुधा ठरलेली असते. खर्च-लाभाचे कोष्टक सोबत जोडले, तरी जागा बदलण्याची वेळ निघून गेलेली असते. किंमत ही निर्णयाचा आधार व्हायला हवी होती. ती पैसे भरल्याची पावती होऊन बसली.

हिशेब आधी मांडला तर काय घडते, हे न्यूयॉर्कने दाखवले. शहराला पाणी देणाऱ्या कॅटस्किल डोंगरांत प्रदूषण वाढू लागले, तेव्हा अब्जावधी डॉलरचा गाळण प्रकल्प बांधण्यापेक्षा डोंगर राखणे स्वस्त पडेल, असे दिसून आले. 1997 च्या करारानुसार शहराने पाणलोटातील जमिनी घेतल्या आणि तिथल्या शेतकऱ्यांना सांडपाणी व शेणखत नीट हाताळण्यासाठी पैसे दिले. आपल्याकडे गोदावरी, भीमा, कृष्णा सह्याद्रीतच उगम पावतात. सुमारे 1,960 मेगावॉट वीज देणाऱ्या कोयनेच्या जलाशयात किती गाळ उतरणार, हे भोवतालच्या रानावरही अवलंबून असते. तरीही पाणीपट्टीत किंवा वीजबिलात ते रान राखणाऱ्या गावांचा वाटा दिसत नाही.

निसर्गाला भाव लावला की तो विकाऊ होतो, हा आक्षेप गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. देवराईचे किंवा एखाद्या प्रजातीच्या अखेरच्या अधिवासाचे मोल रुपयांत मावत नाही. अशा जागा सौद्याबाहेरच राहिल्या पाहिजेत. पण इतरत्र किंमत न लिहिलेले जंगल सरकारी फायलीत अमूल्य ठरत नाही, शून्य ठरते. हे आकडे अंदाजी असतात, असेही म्हटले जाते. महामार्गावरून किती वाहने धावतील, हाही अंदाजच असतो. त्याच्या भरवशावर आपण हजारो कोटी खर्च करतो. म्हणून प्रादेशिक आराखडा आखतानाच पाणी, माती आणि पूरनियंत्रणाचा हिशेब मांडावा, तो ग्रामसभेपुढे ठेवावा आणि राखणदारीचा मोबदला गावाला द्यावा. झाडे तोडल्यावर भरलेल्या पैशातून रोपे लागतील. आटलेला झरा मात्र परत येईलच असे नाही.