बद्द वाजला तर तुटला
दार्जिलिंगच्या वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकून सगळे हरखतात. त्याची दुरुस्ती होते त्या तिंधारियाच्या कारखान्याकडे मात्र कोण फिरकतंय? ‘बी’ वर्गातलं पहिलं इंजिन १८८९ सालचं, त्यामुळे सुटे भाग बाजारात कुठले मिळायला! खरी मेख बॉयलरमध्ये. पाण्यातले क्षार नळ्यांवर थरावर थर धरतात, म्हणून तो अधूनमधून थंड करून धुवायचा. भट्टीभोवतीचे स्टे, म्हणजे आधाराचे दांडे, हातोडीने ठोकायचे: खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तुटला. भट्टीच्या छताला शिसं ओतलेला प्लग असतो. पाणी घटलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर फुसफुसत फायरमनला सावध करते. एवढी उस्तवार पाहता सफरीचं तिकीट मला तरी महाग वाटत नाही.