शून्य कुठे बसलं आहे, ते आधी पाहा



सावरगावकडे एका ओसरीवर चहा घेत होतो. घरची सातवीतली पोर वहीत मान घालून बसली होती. उणे 5 पासून अधिक 5 पर्यंत सगळ्या पूर्णांकांचा गुणाकार करायचा होता. 20, मग उणे 60, मग 120 असं करत तिनं अर्धं पान भरवलं आणि हिरमुसून म्हणाली, "काका, शेवटी शून्यच आलं!"

मी म्हटलं, "बाई, आधी शून्य शोधायचं. ते ओळीत कुठेही असो, बाकीचे आकडे कितीही मोठे असोत, उत्तर शून्यच. ते नसेल तरच उणे किती ते मोजायचे. इथे शून्य नसतं तर पाच उणे, म्हणजे विषम; उत्तर उणे 14,400 आलं असतं."

तिचे वडील हसले. "साहेब, आमच्या आंबिया बहाराचं असंच झालं." सहा बाय सहा मीटरवर हेक्टरी 277 झाडं. झाडं गुणिले फळं गुणिले भाव. बाग ताणावर सोडली होती; अवकाळी पावसानं ताण तुटला, नुसती पालवी फुटली. भाव चांगला होता, पण फुलाच्या जागी शून्य बसलं होतं. (चार झाडांवर तुरळक फूल असलं तरी ते शून्य नव्हे. अशी बाग तोडायला निघू नका.)

आतून वहिनी म्हणाल्या, "अन् घर तर तुरीवरच चाललं ना!" अगदी बरोबर. बेरजेत शून्य कुणाला खात नाही. एका वावरात संत्रा शून्य, दुसऱ्यात तूर. बेरीज तुरीएवढी उरतेच.

भास्कराचार्यांनी 1150 च्या लीलावतीत शून्यानं गुणल्यास शून्य, असंच सांगितलं. त्यांच्या घराण्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यात, पाटणला आहे. पण त्यांनी पुढे एक गोष्ट जोडली: पुढची रीत बाकी असेल तर शून्य लगेच पुसून मोकळे होऊ नका, गुणक म्हणून तसंच ठेवा.

या भावाचीही रीत बाकी होती. आंबिया हुकलेल्या झाडांवर मृग बहार धरता येतो; एकाच झाडावर दोन्ही बहार मात्र नको. मृगाचं फळ फेब्रुवारी-मार्चपर्यंत झाडावर राहतं, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडी विहिरीत पाणी किती उरतं, ते आधी मोजून घ्या.