विषाचा हिशेब कोणाच्या खाती?

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, हा समज आपल्याकडे जुना आहे आणि सोयीचाही. दोष रोग्याच्या जिभेचा, असे म्हटले की शासन व कारखानदार दोघेही मोकळे होतात. पण वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटीच्या तासांतून पाठीवर पंप घेऊन दिवसभर चालणारा मजूर कोणते बैठे जीवन जगतो? त्याच्या रक्तात साखर वाढली, तर तिचा उगम केवळ त्याच्या ताटातच शोधायचा काय?

हा प्रश्न हवेतला नाही. मदुराई कामराज विद्यापीठातील संशोधकांनी तामिळनाडूच्या खेड्यांतील सुमारे तीन हजार माणसांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध केली. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांशी नित्य संबंध येणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. याच संशोधकांनी उंदरांना मोनोक्रोटोफॉस अल्प मात्रेत दीर्घकाळ दिले. आतड्यांतील जीवाणू त्याचे विघटन करतात, त्यातून निघणाऱ्या अ‍ॅसिटेटपासून यकृत साखर बनवते आणि रक्तशर्करा चढते, असे त्यांना दिसून आले. अमेरिकेत तीस हजारांवर फवारणी करणाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासातही काही कीटकनाशकांचा मधुमेहाशी संबंध आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे मान्यच. आहार व आनुवंशिकतेचा वाटाही कोणी नाकारीत नाही. परंतु पूर्ण सिद्धतेची वाट पाहण्याचा खर्च कोण सोसतो? विष विकणारा खचितच नव्हे.

वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा राज्य हादरले, चौकशी झाली, वारसांना मदत जाहीर झाली. (मजुरांनी मुखपट्टी व हातमोजे वापरले नाहीत, असेही ऐकवण्यात आले, सप्टेंबरच्या उकाड्यात ते घालून कोणी दिवसभर पंप चालवून दाखवावा.) जो शेतातच कोसळला, त्याची निदान नोंद झाली. दहा वर्षांनी ज्याचे पाऊल सडेल, दृष्टी जाईल, त्याची नोंद कोणत्या वहीत होणार?

कायद्याची रचनाच तशी आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळी, निळी वा हिरवी खूण असते. किती मात्रेने प्रयोगातील निम्मी जनावरे मरतात, त्यावर हा रंग ठरतो. म्हणजे कायदा तत्काळ मरण मोजतो. सावकाश जडणाऱ्या दुखण्यासाठी त्याच्याजवळ रंगच नाही. केंद्र सरकारने मे २०२० मध्ये २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला. २०२३ मध्ये अंतिम आदेश निघाला तेव्हा त्यांतील तिघांवरच संपूर्ण बंदी आली. मसुदा आणि आदेश यांच्यामधल्या तीन वर्षांत कोणाचे म्हणणे ऐकले गेले, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात अशा नुकसानीला ‘बाह्य खर्च’ असे सोज्वळ नाव आहे. तो बाह्य आहे कंपनीच्या ताळेबंदाला. मजुराच्या शरीराला तो पुरता अंतर्गत आहे. कर्ज काढून कपाशी लावणाऱ्या शेतकऱ्यासमोर बोंडअळीला तोंड देण्याचा दुसरा मार्ग व्यवस्थेने ठेवलेला नाही, म्हणून त्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. आणि शेतमजूर तर निवडीच्या गणितातच नाही: औषध मालक आणतो, रोजंदारी मजूर फवारतो. वर्ध्याच्याच मगनवाडीत राहून जे. सी. कुमारप्पा या मूळच्या हिशेबतपासनिसाने पैशाच्या हिशेबात न मावणाऱ्या या किमतीकडे देशाचे लक्ष वेधले होते. त्या गावाने तरी हा विसर पडू देऊ नये.

सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, भोवती कापसाचा मुलूख आहे. गावोगाव साखर तपासताना कमरेचा घेर आणि तंबाखू विचारतात. तशीच फवारणी किती वर्षे केली, कोणते औषध वापरले, हेही विचारून लिहून ठेवले पाहिजे. औषध कालवणाऱ्या आणि पाणी वाहणाऱ्या बायकांनाही विचारले पाहिजे. ही नोंद व भूमिहीन मजुरांची तपासणी यांचा खर्च कीटकनाशकांच्या विक्रीवर उपकर बसवून वसूल करावा. तो उत्पादकाकडून घ्यावा, कृषी सेवा केंद्रातल्या पावतीवर शेतकऱ्याच्या माथी मारू नये.