मैदानावर जागा नऊच

बेसबॉलच्या संघाचे मैदानावर एका वेळी नऊच खेळाडू उभे राहू शकतात. पण मुलांच्या हौशी संघात बहुधा बारा-तेरा नावे असतात. मग उरलेल्या तीन-चार मुलांनी काय करायचे? बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या? की त्यांनाही मैदानात उतरण्याचा हक्क आहे? मुलांच्या स्पर्धेचे नियम करणाऱ्याने सर्वांत आधी याच प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे, असे मला वाटते. मैदान किती लांब, चेंडू किती जड, सामना किती डावांचा, हे सगळे नंतर.

बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. ज्यांना तो ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रिकेटसारखाच यातही एक चेंडू टाकणारा आणि एक फटका मारणारा असतो. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. तो चेंडूला टप्पा पडू देत नाही, सरळ फेकतो. फटका मारणारा गोल दांड्यासारख्या बॅटने चेंडू टोलवतो आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील चार ठाण्यांना क्रमाने स्पर्श करत धावतो. या ठाण्यांना बेस म्हणतात. चारही बेस पुरे केले की एक धाव. तीन खेळाडू बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. दोन्ही संघांची पाळी झाली की एक डाव पूर्ण होतो. मोठ्यांच्या सामन्यात असे नऊ डाव असतात, लहानांच्या सामन्यात सहा.

मुलांसाठी या खेळाची जी सर्वांत मोठी संस्था आहे, तिचे नाव लिटल लीग. तिची सुरुवात १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट या गावी झाली. कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने ती सुरू केली. मोठ्यांचे मैदान लहान मुलांना पुरे पडत नाही, उलट ती त्यात हरवून जातात, हे त्याने ओळखले. मोठ्यांच्या खेळात दोन बेसमधील अंतर ९० फूट असते. इतके अंतर दहा वर्षांच्या मुलाने चेंडूच्या आधी कसे गाठायचे? स्टॉट्झने आपल्या भाच्यांना धावायला लावून, चेंडू फेकायला लावून अंतर कमी कमी करत पाहिले. आज बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हे अंतर ६० फूट आहे. पिचर मोठ्यांच्या खेळात ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो, मुलांच्या खेळात ४६ फुटांवरून.

ही गोष्ट साधी वाटते, पण तिच्यात फार मोठा विचार आहे. मुलांना खेळाच्या मापात बसवण्याऐवजी खेळ मुलांच्या मापाचा करणे, असा तो विचार. गल्लीत क्रिकेट खेळणारी मुले हेच तर करतात! चेंडू खिडकीला लागला की बाद, एक टप्पा पडल्यावर एका हाताने झेल घेतला तरी बाद. त्यांना कोणी समिती नेमून द्यावी लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लिटल लीगच्या नेहमीच्या सामन्यांत असा नियम आहे की, सामना सुरू होताना हजर असलेल्या प्रत्येक मुलाला किमान एकदा फटके मारण्याची पाळी मिळालीच पाहिजे, आणि समोरच्या संघाचे सहा खेळाडू बाद होईपर्यंत त्याला क्षेत्ररक्षण करायला मिळाले पाहिजे. सहा बाद म्हणजे दोन डाव. प्रशिक्षकाने हे पाळले नाही, तर ज्या मुलावर अन्याय झाला, त्याला पुढच्या सामन्यात सुरुवातीपासून खेळवून ती भरपाई करावी लागते. वारंवार चूक करणाऱ्या प्रशिक्षकाला मैदानाबाहेर बसावे लागते.

या नियमावर नाराज असलेले लोक बरेच आहेत. त्यांचे म्हणणे असे: आमच्या मुलाने रोज सराव केला, दुसरा मुलगा आठवड्यातून एकदा येतो, तरी दोघांना जागा का? आणि शेवटच्या डावात सामना अटीतटीला आला असताना कच्च्या मुलाला उभे करून हरायचे का? पहिल्या तक्रारीत थोडे तथ्य आहे. सरावाला न येणाऱ्याला आणि येणाऱ्याला एकाच मापाने मोजू नये. पण दुसरी तक्रार मला मुळीच पटत नाही. कच्चा मुलगा पक्का व्हायचा कोठे? बाकावर बसून तर नाही. ज्याच्याकडे चेंडू कधी येतच नाही, त्याच्या हातून तो सुटणारच. मग तो सुटला म्हणून त्याला पुन्हा बसवायचे, असे हे चक्र चालते, आणि एक दिवस तो मुलगा मैदानावर यायचा बंद होतो. त्या दिवशी संघ जिंकलेला असेलही.

माझे मत विचाराल तर हा नियम कडक नाही, उलट सौम्य आहे. सहा डावांपैकी दोन डाव म्हणजे एक तृतीयांश. ज्या स्पर्धेला आपण हौशी म्हणतो, तेथे प्रत्येकाला निम्मा सामना मिळायला हवा. तीन डाव, म्हणजे नऊ बाद. फटके मारण्याच्या क्रमातही हजर असलेल्या सर्व मुलांची नावे असावीत. बारा असोत की तेरा, शेवटचा झाला की पुन्हा पहिला. अनेक ठिकाणी अशी पद्धत आहे आणि तिच्यामुळे कोणाचा सामना बिघडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. निवडक खेळाडूंचे जे संघ गावोगावी जाऊन स्पर्धा खेळतात, त्यांची गोष्ट वेगळी. तेथे मुले आणि पालक जाणूनबुजून कठीण वाट धरतात. दोन्हींची गल्लत करू नये.

एकतर्फी सामन्याचे काय करायचे, हाही वादाचा विषय आहे. चार डाव झाल्यावर एक संघ दहा किंवा अधिक धावांनी पुढे असेल, तर सामना तेथेच संपवता येतो. गंमत पाहा, ६ जून १९३९ रोजी लिटल लीगचा पहिलाच सामना झाला, त्यात लंडी लंबर या संघाने लायकमिंग डेअरी या संघाला २३ विरुद्ध ८ असे हरवले. आजचा नियम तेव्हा असता, तर तो ऐतिहासिक सामना कदाचित अर्ध्यावरच आटोपला असता! हरणाऱ्यांची मानहानी होऊ नये, हा हेतू चांगला आहे. पण सामना लवकर संपला की खेळायला कमी मिळते ते कोणाला? ज्यांना सरावाची गरज जास्त, त्यांनाच. त्यापेक्षा एका डावात एका संघाने जास्तीत जास्त पाच धावा काढाव्यात, मग पाळी बदलावी, ही काही स्थानिक स्पर्धांतील पद्धत मला अधिक पसंत आहे. सामना पूर्ण होतो आणि धावांचा डोंगरही होत नाही.

अगदी लहान मुलांच्या खेळात चेंडू खांबावर ठेवून टोलवतात आणि तेथे धावा मोजूही नयेत, असे काही जण म्हणतात. मोजू नका, हरकत नाही. मुले मनात मोजतातच.

आता असा एक नियम पाहू, ज्यात कोणाची हौस-मौज नाही, शरीराचा प्रश्न आहे. पिचर सगळी ताकद लावून चेंडू फेकतो. त्याचा सगळा ताण खांद्यावर आणि कोपरावर येतो. वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा मऊ भाग असतो. तेथूनच हाड वाढते. तोच भाग वारंवारच्या झटक्यांनी दुखावतो. १९७४ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी डॉक्टर फ्रँक जोब यांनी शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध बसवला. १९७६ साली टॉमी जॉन पुन्हा मैदानात उतरला. त्या शस्त्रक्रियेला आज त्याचेच नाव आहे. ती मोठ्या माणसासाठी शोधलेली होती. आता शाळकरी मुलांवरही ती करावी लागते, ही चिंतेची बाब आहे.

पूर्वी मुलाने किती डाव चेंडू टाकावेत, याला मर्यादा होती. पण एक डाव दहा चेंडूंतही संपतो आणि चाळीस चेंडूही खातो. म्हणून २००७ पासून लिटल लीगने डावांऐवजी चेंडू मोजायला सुरुवात केली. सात-आठ वर्षांच्या मुलाने एका दिवशी ५० चेंडू, नऊ-दहा वर्षांच्याने ७५, अकरा-बारा वर्षांच्याने ८५. समोरच्या फलंदाजाची पाळी चालू असताना मर्यादा आली, तर तेवढी पाळी पुरी करता येते. त्यानंतर विश्रांती सक्तीची. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा त्याहून जास्त चेंडू टाकले, तर चार दिवस त्याने पिचर म्हणून उभे राहायचे नाही. ज्याने ४१ किंवा अधिक चेंडू टाकले, त्याने त्या दिवशी कॅचरचे काम करायचे नाही, कारण कॅचरलाही प्रत्येक चेंडू परत फेकावा लागतो.

हा नियम मला फार आवडतो. यात प्रशिक्षकाच्या मर्जीला जागा नाही आणि मुलाच्या जिद्दीलाही नाही. "तुझा हात दुखतो का?" असे विचारले, तर अकरा वर्षांचा कोणता मुलगा शेवटच्या डावात हो म्हणेल? म्हणून त्याला विचारायचेच नाही, चेंडू मोजायचे. पण या नियमात एक भोक आहे. मोजणी त्या त्या स्पर्धेपुरती असते. शनिवारी इथे ७० चेंडू टाकणारा मुलगा रविवारी दुसऱ्या संघाकडून उभा राहिला, तर त्याला अडवणार कोण? वही वेगळी, पण कोपर तेच! ही नोंद पालकांनीच ठेवली पाहिजे, आणि दोन्ही प्रशिक्षकांना दाखवली पाहिजे.

सुरक्षिततेचे बाकीचे नियम लहान वाटतात, पण मोलाचे आहेत. फटके मारताना आणि धावताना डोक्यावर शिरस्त्राण हवेच. पुढच्या बेसकडे डोके पुढे करून झेप घेता येत नाही. ज्याची पाळी नंतर आहे, त्याने बाहेर उभे राहून बॅट फिरवायची नाही. यावर वाद घालण्यासारखे काही नाही.

वाद असतो तो मोठ्या माणसांशी. मुलांच्या सामन्यात सर्वांत जास्त आवाज कोणाचा असतो? बाहेर उभ्या असलेल्या पालकांचा. २००१ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका संघाने जागतिक स्पर्धेत सर्वांना थक्क केले. त्यांचा पिचर कोणालाच खेळता येईना. नंतर कळले की, बारा वर्षांपर्यंतच्या त्या स्पर्धेत तो मुलगा चौदा वर्षांचा होता. मोठ्यांनी त्याचे जन्माचे कागदपत्र खोटे केले होते. संघाचे सगळे विजय रद्द झाले. ज्या मुलांनी काहीच केले नव्हते, त्यांचेही.

कोणाला खेळू द्यायचे, हा प्रश्न त्याहूनही मोठा आहे. १९५५ साली दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीट वायएमसीएचा एक संघ होता. त्यातील सगळी मुले कृष्णवर्णीय होती. त्यांनी राज्याच्या स्पर्धेसाठी नाव दिले, तेव्हा गोऱ्या मुलांच्या संघांनी माघार घेतली. समोर कोणी उरलेच नाही. संस्थेच्या नियमांत वर्णभेदाला स्थान नव्हते. पण न खेळता मिळालेल्या विजयावर पुढच्या फेरीत जाता येणार नाही, असाही एक नियम होता. तो या मुलांना लावण्यात आला. त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावले. सामन्याआधी त्यांनी मैदानावर थोडा सराव केला, तेव्हा प्रेक्षकांनी "त्यांना खेळू द्या" असा घोष केला, असे त्यांच्यापैकी काहींनी मोठेपणी सांगितले. पण त्यांना खेळू दिले नाही. ती मुले प्रेक्षकांत बसून इतरांचा सामना पाहत राहिली. ज्यांनी खेळायला नकार दिला, त्यांची शिक्षा खेळायला आलेल्यांना, हा कसला इन्साफ? नियमाचे शब्द पाळले गेले, एवढेच.

आणि मुलींचे काय? १९५० साली कॉर्निंग गावच्या कॅथरिन जॉन्स्टन या मुलीने केस कापून, मुलाचे सोंग घेऊन संघात जागा मिळवली. त्यानंतर मुलींना बंदी करणारा नियमच झाला. १९७२ साली न्यू जर्सीतील होबोकन येथे मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी तीन सामन्यांत पिचर म्हणून खेळली. तेव्हा वरिष्ठ संस्थेने स्थानिक संघटनेची मान्यता काढण्याचा इशारा दिला आणि तिला संघ सोडावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले. मुलींच्या बाजूने निकाल लागला आणि १९७४ साली दार उघडले. पुढे २०१४ साली मोने डेव्हिस या फिलाडेल्फियाच्या मुलीने जागतिक स्पर्धेत समोरच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकून दिला.

मोठ्यांच्या खेळात एखादा नियम दोन वर्षे उशिरा बदलला, तर फारसे अडत नाही. मुलांच्या खेळात अडते. म्हणून प्रत्येक स्थानिक स्पर्धेने हंगाम संपताच नियमांची वही उघडावी, कोणते मूल किती डाव बसून राहिले ते मोजावे, आणि या बैठकीला दोन-तीन खेळाडूंनाही बोलवावे, असे माझे सुचवणे आहे. मारिया पेपेच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा तिचे वय त्या संघाच्या वयोमर्यादेच्या पुढे गेले होते.