शाळा साऱ्यांची, केरसुणी कोणाची?

कर्जत-खालापूरकडच्या एखाद्या गावी जाऊन ‘येथे सर्वांची अशी जागा कोणती?’ म्हणून विचारा. देवळाच्या खालोखाल बोट वळेल ते जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेकडे. मतदान शाळेत, लसीचे शिबिर शाळेत, लग्नाचे वऱ्हाड उतरायचे तेही शाळेत. माझी याला मुळीच हरकत नाही. शाळा गावाची, ती गावाने वापरावी, यात वावगे ते काय? हरकत आहे ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळीबद्दल. पत्रावळी, विड्यांची थोटके आणि मोडका नळ मागे टाकून गाव घरी जाते, आणि सात वर्षांची पोर दप्तर बाजूला ठेवून हाती केरसुणी घेते!

यावर काही शहाणे सुचवतात : शाळा सुटली की फाटकाला कुलूप ठोका. हा उपाय रोगाहून भयंकर आहे. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीची काळरात्र आठवा. 19 जुलै 2023 रोजी डोंगर कोसळून वाडी गाडली गेली, तेव्हा कडेच्या शाळेत बसलेली काही तरुण पोरे वाचली आणि मदतीसाठी धावली, असे वृत्तपत्रांतून आपण वाचले. त्या शाळेला कुलूप असते, तर?

त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षण खात्याने वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. पटाचा हिशेब मांडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, डोंगरातली शाळा मिटली म्हणजे नुसता बारा पोरांचा वर्ग जात नाही. वाडीने एकत्र बसायची जागाही जाते.

आता दुसरीकडे पाहा. नेरळपासून खोपोलीपर्यंत लोकलच्या रुळांलगत नव्या वसाहती उठत आहेत. आत पोहण्याचा तलाव, क्लबहाऊस, बाग, बाहेर पहारेकरी. त्या घरांत धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या मुलाला त्या बागेत पाय ठेवता येत नाही. पण रविवारी क्रिकेटला पटांगण हवे ते मात्र त्याच मुलाच्या शाळेचे! आपले ते आपले, आणि गावाचे तेही आपले, असा हा न्याय.

माथेरानचे भाई कोतवाल 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर हुतात्मा झाले, हे आपण दर वर्षी आठवतो. त्यांनी या मुलखातील गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या आणि धान्यपेढ्याही काढल्या, हे आठवतो का? धान्यपेढीचा धर्मच असा की, उचलले ते परत भरायचे. शाळेलाही तोच धर्म लावा.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या स्त्रियांना दिल्या आहेत. शाळा कोणाला द्यायची हे त्या समितीने ठरवावे. घेणाऱ्याने पहिली घंटा होण्यापूर्वी ती झाडून, नळ-संडास दुरुस्त करून परत करावी. मुलांच्या तासाला कोणाचाही मांडव आड येऊ नये. आणि वसाहतवाल्यांनी पटांगण मागण्याआधी आपल्या बागेचे फाटक गावच्या मुलांना उघडावे.

लक्ष्मीपूजनाला घरोघर केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते. ती लक्ष्मी आहे, असे आपण मानतो. मानतो ना? मग ती शाळेच्या अंगणात चालवायला मोठ्या माणसांच्या हातांना लाज का वाटावी?