परसबाग आणि बदलीची नोकरी

वसंत ऋतू आणि बँकेची वार्षिक लेखाबंदी नेमकी एकाच वेळी यावी, हा कालगणनेचा विनोदच म्हटला पाहिजे. बाहेर पळस फुललेला असतो, कुंडीतील टोमॅटोला पिवळी फुले धरलेली असतात आणि घरातील बागकाम करणारी व्यक्ती ३१ मार्चच्या धास्तीने रात्री दहापर्यंत शाखेत अडकलेली असते. त्यातून सुटका होते न होते, तोच बदल्यांचे आदेश निघतात. बँकेच्या निवासस्थानांतील परसबागा बहुधा रोगाने वा किडीने मरत नाहीत. त्या या दोन-तीन महिन्यांत मरतात.

अशा फिरस्त्या कुटुंबांची पहिली पसंती टोमॅटोला असते, यात नवल नाही. रोप लावल्यापासून सुमारे अडीच महिन्यांत फळ हाती येते. बदली झाली तरी फारसे काही मागे राहत नाही. मूळ दक्षिण अमेरिकेतले हे झाड पोर्तुगीजांमार्फत भारतात आले आणि आता ते परके वाटतही नाही. दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांत त्याला 'भेदरे' म्हणतात, तर बंगालमध्ये त्याचे 'बिलिती बेगुन', म्हणजे विलायती वांगे, हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी आढळते. देशाच्या कोणत्याही टोकाला बदली होवो, तेथे टोमॅटो असतोच.

मात्र टोमॅटो सर्वत्र असला, तरी त्याचा वसंत सर्वत्र एकाच वेळी येत नाही. अनेकांची बाग फसते ती येथेच. टोमॅटोला रात्रीचा सौम्य गारवा लागतो. रात्रीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास असले, तर फळधारणा चांगली होते; दिवसाचा पारा पस्तिशीच्या वर जाऊ लागला की पराग निकामी होतात आणि फुले गळतात. नागपुरात होळीच्या सुमारास हौसेने लावलेले रोप एप्रिलच्या अखेरीस भर उन्हात फुलावर येते आणि फुलांचा नुसता सडा पडतो. तेथे रोप जानेवारीतच मातीत गेले पाहिजे. चंदीगड किंवा दिल्लीत रोपे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आडोशाला तयार करून, धुक्याचे व कडाक्याच्या थंडीचे दिवस सरल्यावर, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लावतात. एप्रिलपासून फळे मिळतात आणि मे महिन्यातील लू आली की झाडाचा कारभार आटोपतो. सोलनच्या डोंगरउतारावर मात्र एप्रिल हा लागवडीचा महिना आहे. नाशिकचा अनुभव पदरी बांधून सोलनला गेलेला माणूस जानेवारीत रोप लावतो, ते थंडीने जळते आणि दोष बियाण्याला दिला जातो. बियाण्याच्या पाकिटावरील 'वसंतात पेरावे' ही सूचना कोणत्या गावच्या वसंताविषयी आहे, हे विचारण्याची सवय लागली, तर निम्मे अपयश टळेल. बदलून आलेल्या कुटुंबाने नव्या गावी पहिल्या आठवड्यातच शेजाऱ्याला किंवा भाजीवाल्याला हा प्रश्न विचारावा; स्थानिक भाषेची ओळखही त्या निमित्ताने होते.

सज्ज्यातील टोमॅटोची आणखी एक तक्रार असते. झाड उंच, हिरवेगार, फुलांनी भरलेले. पण फळ नाही. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागावर फळते, फक्त ते हलावे लागते. बंदिस्त सज्ज्यात वारा नसतो, मधमाशी येत नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलोऱ्याच्या देठाला बोटाने हलकी टिचकी मारली, तरी काम होते. कार्यालयात निघताना एवढा वेळ कोणालाही काढता येतो. पाण्याचे तसे नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कुंडी कोरडी ठणठणीत पडते आणि पहिल्या सुट्टीच्या दिवशी अपराधी भावनेने तिच्यात बादलीभर पाणी ओतले जाते. त्यानंतर फळे तडकतात, किंवा त्यांचा तळ काळा पडून खोल बसतो. हा रोग नसून पाण्याच्या अनियमितपणाचा परिणाम आहे. झाडाला चुना वेळेवर पोहोचत नाही. फवारणीच्या औषधावर पैसे घालवण्यापेक्षा मातीवर वाळक्या पानांचा थर द्यावा आणि पाणी रोज, थोडे द्यावे.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर झालेला बरा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोचे भाव एवढे कडाडले की केंद्र सरकारला दिल्लीत तो प्रथम ९० रुपये, मग ८० आणि अखेर ७० रुपये किलो दराने विकण्याची व्यवस्था करावी लागली. त्यानंतर अनेकांनी बचतीसाठी कुंड्या आणल्या. पण वसंतात लावलेला घरचा टोमॅटो पिकतो एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बाजारातही तो बहुधा स्वस्त असतो. भाव चढतात पावसाळ्याच्या तोंडाला, आणि तोपर्यंत घरचे झाड वाळलेले असते. कुंडी, माती, शेणखत, आधाराची काठी यांचा खर्च मांडला, तर हा व्यवहार कोणत्याही कर्ज अधिकाऱ्याला मंजूर करता येणार नाही. टोमॅटो लावावा तो झाडावर पिकलेल्या फळाच्या चवीसाठी. बाजारातील फळ दूरच्या वाहतुकीसाठी कच्चे तोडलेले असते, त्यामुळे ही चव विकत मिळत नाही.

फळझाडांचा प्रश्न याहून निराळा आहे. कागदी लिंबाच्या रोपाला फळ धरायला चार-पाच वर्षे लागतात, पेरूच्या कलमाला दोन-तीन. पपई मात्र नऊ-दहा महिन्यांत फळ देते. तीन वर्षांनी बदली होणार हे ठाऊक असलेला माणूस साहजिकच पपईवर थांबतो आणि लिंबू लावत नाही. 'खाणार कोण?' हा त्याचा प्रश्न चुकीचा नाही. परंतु ज्या निवासस्थानात तो राहायला आला, तेथील पेरू कोणी तरी लावलेलाच होता, आणि लावणारा कदाचित त्याचे पहिले फळही न चाखता गेला असेल. पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेल्या पेरूच्या जातीला 'लखनौ-४९' म्हणतात, कारण तिचे बी लखनौहून आले होते. फळझाडांच्या जगात बदलीची परंपरा जुनी आहे.

खरी हानी झाड न लावण्यात जेवढी आहे, त्याहून अधिक ते हस्तांतरित न करण्यात आहे. लिंबाला डिसेंबरात महिनाभर पाणी तोडले की जानेवारीअखेर आंबे बहाराची फुले येतात आणि जून-जुलैत लिंबे उतरतात. ही माहिती नसलेला नवा रहिवासी पानगळ पाहून झाड मेले असे समजतो आणि माळ्याकरवी ते तोडून टाकतो. मे महिन्यात घर रिकामे राहिले, तर उरलेली झाडे तहानेने जातात. शाखेचा कार्यभार सोपवताना किल्ल्यांपासून मुद्रांकांपर्यंत प्रत्येक वस्तूची नोंद करून सही घेतली जाते. पंधरा वर्षांच्या झाडाची मात्र कोठेही नोंद नसते.

निवासस्थानाच्या ताबा-पावतीला एक पान जोडण्यास कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही. त्यात एवढेच लिहावे: कोणते झाड कोणत्या साली लावले, लिंबाचे पाणी कधी तोडायचे, पपईच्या बुंध्याशी पाणी साचू द्यायचे नाही, या गावी टोमॅटो कोणत्या पंधरवड्यात लावावा, आणि घर रिकामे असेपर्यंत पाणी घालण्याचे कोणत्या शेजाऱ्याने कबूल केले आहे.